चोर दिसला, नंबर दिसला नाही

रात्री दारातली मोटारसायकल टेम्पोत घालून नेली. कॅमेऱ्यात चोर दिसतो, टेम्पोही दिसतो. पण नंबरच्या जागी नुसता पांढरा ठिपका! नांदेडचा एमएच २६ की लातूरचा एमएच २४, एवढेही कळत नाही. असे का व्हावे?

२०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या नंबर प्लेटवर प्रकाश परतवणारा थर असतो. कॅमेऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश त्यावरून सरळ परततो आणि अक्षरे पुसली जातात. म्हणून शटरचा वेग आपल्याला ठरवता येईल असाच कॅमेरा घ्यावा. शटर सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ उघडे राहू द्यावे. बाकीचे चित्र काळे पडेल, पडू द्या.

दुसरी गोष्ट भिंगाची. नेहमीचे २.८ मिलिमीटरचे भिंग सारे अंगण दाखवते, पण नंबर बारीक होतो. फाटकाबाहेरच्या रस्त्यासाठी ८ ते १२ मिलिमीटरचे भिंग हवे. कॅमेरा गच्चीवर नको. खाली, येणाऱ्या गाडीच्या शक्य तितका समोर बसवा. अंगणासाठी कॅमेरा वेगळा.

आणि पैसे देण्याआधी, रात्री आपलीच गाडी फाटकासमोरून नेऊन नंबर वाचून पाहा.