गंजलेल्या नळाची पकड

न्हाणीघरातला जुना पितळी नळ बदलायला घेतला की तो अनेकदा जागचा हलत नाही. भिंतीतल्या लोखंडी एल्बोमध्ये त्याचे आटे रुतून बसलेले असतात. लांब दांड्याचा पाना लावून जोर केला, तर नळ सुटण्याऐवजी त्याची मान तुटते किंवा आतला पाइपच पिळवटतो, आणि नळापुरते काम टाइल फोडण्यापर्यंत जाते. आट्यांच्या फटीत काय भरले आहे हे ओळखून त्यावर उपाय करणे हा या दुरुस्तीचा गाभा आहे. ताकदीची पाळी सर्वांत शेवटी येते.

फटीत बहुधा दोन पदार्थ सापडतात. एक क्षार, दुसरा गंज. बोअरवेलच्या दुष्फेन पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले किंवा सुकले की त्याचे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि धातूवर थर धरते. म्हणून गरम पाण्याच्या नळावर पांढरी खर लवकर चढते.

गंजाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जीआय पाइपाच्या लोखंडावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. पण पाइपाचे आटे सहसा मुलामा दिल्यानंतर पाडले जातात, त्यामुळे नेमके तिथेच लोखंड उघडे पडते. शेजारी पितळ आणि मध्ये पाणी, म्हणजे एक छोटा विद्युत घटच तयार होतो. पितळातले तांबे आणि लोखंड यांत लोखंड सहज इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे पितळ टिकते आणि लोखंड झिजते. झिजलेल्या लोखंडाच्या गंजाला मूळ धातूच्या निदान दुप्पट जागा लागते, पाणी धरून ठेवणाऱ्या गंजाला त्याहूनही जास्त. बंद फटीत ती जागा नसते, म्हणून गंज दोन्ही बाजूंच्या आट्यांवर दाब देत राहतो. नळ वर्षागणिक घट्ट होत जातो तो यामुळे.

सांध्याभोवती पांढरट, खरखरीत थर दिसला तर क्षार आणि तांबूस ओघळ दिसले तर गंज, असा साधारण अंदाज बांधता येतो. काम सुरू करण्यापूर्वी टाकीची तोटी बंद करावी, गीझरची वीज तोडावी आणि पाइपातले पाणी काढून टाकावे.

क्षारावर आम्ल चालते. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते. त्यात भिजवलेले फडके सांध्याला गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधली, की काही तासांत खर विरघळू लागते. येणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड इथे वापरू नये. ते जस्ताचा मुलामा आणि नळाची झळाळी दोन्ही खाते. ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर क्लोरिन हा विषारी वायू सुटतो.

गंजासाठी पातळ, भेदक तेल लागते. केसाएवढ्या फटीत ते केशाकर्षणाने स्वतःहून सरकते. खोबरेल दाट असल्याने तितके आत जात नाही. घरोघरी ओळखीचे झालेले डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये सॅन दिएगो येथे ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला ओलीपासून जपण्यासाठी तयार झाले. नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. तेल सोडून सांध्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाच्या कवचाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मग रात्रभर थांबावे. घाई इथेच महागात पडते.

उष्णतेचा उपयोग होतो, पण तो समजून करावा लागतो. २० मिलिमीटर व्यासाचे लोखंड १०० अंशांनी तापले तर सुमारे ०.०२४ मिलिमीटर फुगते आणि पितळ ०.०३८ मिलिमीटर. आतला नळ पितळी असेल तर दोन्ही सारखे तापल्यावर पकड उलट वाढते. खरा फायदा थंड होताना मिळतो, कारण तेव्हा पितळ जास्त आक्रसते आणि गंजाची सांधणी तुटते. उकळत्या पाण्यात भिजवलेले फडके दोन-तीनदा गुंडाळून काढले तरी पुरते. तेल सोडलेल्या सांध्यावर ज्योत कधीही धरू नये. भिंतीत सीपीव्हीसी प्लास्टिकचा पाइप असेल तर ज्योतीचा विचारही नको.

आता पाना. एका पान्याने एल्बो किंवा पाइप धरावा आणि दुसऱ्याने नळ फिरवावा. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पाइपाचे बाहेरचे आटे बहुधा निमुळते असतात. १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने बदलतो. अर्धा इंची जोडणीत इंचाला १४ आटे असतात, म्हणून एक पूर्ण फेरा फिरला की सुमारे ०.११ मिलिमीटर मोकळीक मिळते. पहिला पाव फेराच काय तो कठीण असतो. पाना वळतो आहे पण आटे सरकत नाहीत असे वाटले, तर पितळच पिळवटते आहे. लगेच थांबून पुन्हा तेल द्यावे. जुन्या पितळातले जस्त झिरपून गेले असेल तर ते लालसर, सच्छिद्र आणि कमकुवत झालेले असते.

नळ तुटून आटे आतच राहिले, तर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकून फिरवतात. तो नसेल तर हॅक्सॉच्या पात्याने उरलेल्या पितळी कड्याला आतून चीर पाडावी. एल्बोचे आटे लागण्याआधी थांबावे आणि छिन्नीने कडे आत दुमडून काढावे.

एल्बोचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. ते खाल्ले गेले असतील तर एल्बो बदलणेच बरे. नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी. तिने दोन धातूंचा संपर्क पूर्ण तुटत नाही, पण आट्यांच्या फटीत पाणी शिरायला अटकाव होतो. पाणी सोडल्यावर सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा. तो ओला झाला तर नळ काढून टेप नव्याने गुंडाळावी.