दार उघडेपर्यंत

जळगावच्या जुन्या वस्तीत उन्हाळ्याच्या सुट्टीत एक आवाज ठरलेला असायचा. मागच्या भिंतीवर रबरी चेंडू आपटल्याचा. बाहेर ऊन मी म्हणत असायचं, मोठी माणसं जेवून आडवी झालेली असायची आणि एखादं पोर एकटंच भिंतीशी खेळत असायचं. जोडीदार मिळाला नाही म्हणून त्या पोराचं अडत नसे. जितक्या जोरानं चेंडू मारावा तितक्याच जोरानं भिंत तो परत द्यायची.

स्क्वॉश या खेळाचा जीव असाच भिंतीत आहे. ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद अशी चार भिंतींची खोली. दोन्ही खेळाडू समोरासमोर उभे नसतात, दोघांचीही तोंडं पुढच्या भिंतीकडे असतात. चेंडू लहान, काळा, सुरुवातीला मेल्यासारखा पडणारा. फटके खाऊन तापला की मगच तो उसळू लागतो. या खेळातल्या सर्वांत विलक्षण माणसाची कारकीर्द आज आठवायची, ती त्या चेंडूशी साधर्म्य आहे म्हणून. हा माणूसही उशिरा उसळला.

रिकाम्या कोर्टातला मुलगा

हाशिम खान पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावचा. त्याच्या जन्माची नेमकी नोंद नाही, साधारणपणे १९१४ साल धरतात. वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात मुख्य कारभारी होते. हाशिम अकरा वर्षांचा असताना अपघातात ते गेले. शाळा सुटली आणि पोरगा त्याच क्लबात चेंडू उचलायला आणि कोर्ट झाडायला लागला.

तिथल्या कोर्टांना छप्पर नव्हतं. भर दुपारी साहेब लोक उन्हाला कंटाळून निघून गेले की कोर्ट रिकामं व्हायचं. हाशिमची शाळा तेव्हा भरायची. पायांत जोडे नाहीत, हातात कुणाची तरी टाकून दिलेली रॅकेट आणि समोर फक्त भिंत. दोन्ही बाजूंनी तोच खेळायचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय, त्याला ही तालीम कशी असेल ते वेगळं सांगायला नको.

१९४२ साली हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्यांना प्रशिक्षकाची नोकरी मिळाली. तोवर तिशी गाठत आली होती. खेळ अंगात पुरता मुरला होता, पण क्लबाच्या आवाराबाहेर त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

पेशावर ते मुंबई

१९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल फाळणीपूर्वी मुंबईहून थेट पेशावरपर्यंत धावायची. रुळांच्या एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला पेशावर आणि वाटेत चाळीसगाव, जळगाव, भुसावळ. धुळ्याचा प्रवासी फाट्यावरच्या छोट्या गाडीनं चाळीसगावला येऊन याच मुख्य मार्गाला लागायचा. सरहद्दीवरचं पेशावर आज परमुलखातलं वाटतं, पण आपल्या आजोबांच्या काळी ते आपल्याच रुळांवर होतं.

१९४४ साली मुंबईत व्यावसायिक खेळाडूंची पहिली अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि हाशिम खान यांनी ती जिंकली. पुढची दोन वर्षंही त्यांनी विजेतेपद सोडलं नाही. क्लबातल्या नोकराचा मुलगा खेळाडू म्हणून प्रथम जगापुढे आला तो आपल्या मुंबईत, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकानं अभिमानानं लक्षात ठेवावी.

मुंबईत त्यांनी हरवलेल्यांत अब्दुल बारी होते, नात्यातलेच. फाळणीनंतर बारी मुंबईतच राहिले आणि हाशिम पाकिस्तानचे नागरिक झाले. १९५० साली बारी इंग्लंडला गेले आणि ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. ही स्पर्धा तेव्हा जगज्जेतेपदाइतकीच मानली जाई. बातमी पेशावरला पोहोचली. ज्याला आपण हरवलं तो तिथवर जातो, मग आपण का नाही? हाशिम यांनी वरिष्ठांकडे खेटे घातले आणि पाकिस्तानच्या हवाई दलानं त्यांना पाठवायचं ठरवलं.

सदतिशीतला नवखा

१९५१ साली ते लंडनला उतरले तेव्हा वय सदतिशीच्या आसपास होतं. या वयात खेळाडू रॅकेट खुंटीला टांगतात, यांची पहिलीच ब्रिटिश ओपन होती. अंतिम सामन्यात समोर इजिप्तचे महमूद करीम, सलग चार वर्षांचे विजेते. निकाल ९-५, ९-०, ९-०. शेवटच्या दोन गेममध्ये करीम यांना एक गुणही मिळाला नाही.

त्यानंतर १९५६ पर्यंत सलग सहा वेळा ते जिंकले. १९५७ साली त्यांच्याच गावच्या रोशन खान यांनी त्यांना हरवलं, तर १९५८ साली चाळिशी ओलांडलेल्या हाशिम यांनी करंडक पुन्हा घरी आणला. एकूण सात विजेतेपदं, सगळी सदतिशीनंतरची. मग धाकटे भाऊ आझम यांनी १९५९ ते १९६२ अशी चार वर्षं गाजवली. आझम मूळचे टेनिसचे, स्क्वॉश त्यांना थोरल्या भावानंच शिकवलं होतं. रोशन यांचे चिरंजीव जहांगीर पुढे १९८२ ते १९९१ अशी सलग दहा वर्षं ब्रिटिश ओपन जिंकत राहिले. एका खेड्यातून अशी अख्खी परंपरा उभी राहिली.

हाशिम नंतर अमेरिकेत गेले, आधी डेट्रॉइटला आणि मग डेन्व्हरला. तिथं त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवल्या आणि नव्वदीतही रॅकेट हातात धरली. १८ ऑगस्ट २०१४ रोजी कोलोरॅडोतल्या अरोरा इथं त्यांचं निधन झालं, शंभरीच्या उंबरठ्यावर.

वय कुठं उपयोगी पडतं

वेग आणि दम लागणाऱ्या या खेळात पोक्त माणूस टिकतो कसा, याचं उत्तर कोर्टाच्या मध्यावर सापडतं. जमिनीवरच्या रेघा जिथं टी अक्षरासारख्या मिळतात, ती जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात सामना. जाणता खेळाडू चेंडू बाजूच्या भिंतीला घासून मागच्या कोपऱ्यात घालतो आणि शांतपणे मध्यावर परततो. पळायचं काम समोरच्याचं. चेंडू कुठून निघाला यावरून तो कुठं येणार हे त्याला आधीच कळतं, कारण तो कोन त्यानं हजारदा पाहिलेला असतो. गुडघे थकतात, पण भिंतींचं गणित विसरलं जात नाही.

भारतातही याची उदाहरणं आहेत. अलवरच्या भुवनेश्वरी कुमारी यांनी १९७७ ते १९९२ अशी सलग सोळा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद राखलं. तो विक्रम मोडला २०१९ साली पुण्यात. तिथं चेन्नईच्या जोश्ना चिनप्पा यांनी सतरावं विजेतेपद मिळवलं आणि त्याच स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद मुंबईच्या महेश माणगावकर यांच्याकडे गेलं. जोश्ना यांनी २०२५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, जपान ओपन जिंकली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं पाकिस्तानला हरवून सांघिक सुवर्ण मिळवलं. त्या संघात माणगावकर होते आणि सदतीस वर्षांचे सौरव घोषालही होते. घोषाल यांचं वय वाचताना मला १९५१ सालचं लंडन आठवल्याशिवाय राहिलं नाही.

आपल्या भिंती

२०२८ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा खेळला जाईल. इतके दिवस क्लबाच्या कुंपणात राहिलेला हा खेळ आता चारचौघांत येतो आहे. म्हणूनच हाशिम यांची कारकीर्द नीट वाचायला हवी. त्यांच्या हातात कसब १९४४ सालीही होतं, १९४२ सालीही होतं. १९५१ पर्यंतची वर्षं गेली ती कुणीतरी दार उघडण्याची वाट पाहण्यात. मेसमधली नोकरी, मुंबईतली स्पर्धा, हवाई दलानं दिलेलं तिकीट अशी तीन दारं उघडली. एक जरी बंद राहिलं असतं, तर पेशावरचा एक चांगला नोकर एवढीच त्यांची ओळख उरली असती.

खान्देशाला हे कळायला हवं, कारण आपल्या घरात याचा दाखला आहे. ज्या १९५१ साली हाशिम लंडनमध्ये जिंकले, त्याच वर्षी ३ डिसेंबरला आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी जळगावात वारल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईनं जात्यावर आणि शेतात रचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेवांनी टिपून ठेवल्या होत्या. त्या आचार्य अत्र्यांच्या हाती पडल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण बहिणाबाईंचं दार उघडलं ते त्या गेल्यानंतर.

भर दुपारी भिंतीवर चेंडू आपटणारं पोर आजही जळगावच्या बोळात असेल, धुळ्याच्या गल्लीत असेल. त्याचा आवाज कानावर आला की झोपमोड झाली म्हणून ओरडू नये. उठावं, बाहेर यावं आणि त्याचा हात कसा चालतो ते क्षणभर उभं राहून पाहावं.