साठीचा मधुमेह, आईच्या पोटापासून

पन्नाशी-साठीत साखर वाढली की आपण त्या माणसाच्या जिभेला आणि आळसाला दोष देतो. हा दोष बराचसा अन्यायाचा आहे, हे पुण्याजवळच्या सहा गावांनी दाखवून दिलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या गावांतल्या बायकांच्या नोंदी सुरू केल्या, त्याही दिवस राहण्याआधीपासून. वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. शेताची, घरची कामं गरोदरपणातही चालूच. त्यांची बाळं साधारण २.७ किलोची भरली. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. एवढं अपेक्षितच होतं. पण पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव फारच कमी वाढले होते, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळांइतकी! दिसायला काडी, तरी अंगात चरबी.

गर्भाला अन्न अपुरं पडलं की तो मेंदूचा वाटा आधी राखतो. स्नायू, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. साखर वापरणारे स्नायूच कमी, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही तोकड्या. ही उणीव नंतर पुरती भरून निघत नाही. इंग्लंडमध्ये संशोधक डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधल्या बाळांच्या वजनाच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळल्या. १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या पुरुषांपैकी बाळपणी ज्यांचं वजन कमी होतं, ते पुढे हृदयविकाराने अधिक मेले. पुण्याची बाळं तर अठराव्या वर्षीच तपासली गेली. अंगाने सडपातळ असूनही एक तृतीयांशाहून जास्त मुलगे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते.

मग गरोदर बाईला नुसतं पोटभर वाढलं की झालं? नाही. बाळाच्या वजनाचा संबंध तिने किती खाल्लं यापेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं-प्यायलं याच्याशी अधिक जुळला. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास. म्हणून २०१२ पासून याच गावांत, त्या वेळच्या बाळांना, आता वयात आलेल्या मुलामुलींना, हे जीवनसत्त्व देऊन पाहिलं गेलं. पुढे त्यांची स्वतःची मुलं जन्मली. बाळांचं वजन त्याने वाढलं नाही, पण मातांच्या आणि नाळेच्या रक्तातलं बी-१२ सुधारलं.