वेळापूरचा धावा

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते, तोवर वारकऱ्यांच्या पायांना चालून चालून फोड आलेले असतात, पोटऱ्यांना गोळे धरलेले असतात. आणि माळशिरसहून वेळापूरकडे जाताना एका उतारावर हीच दमलेली माणसं धावत सुटतात! पताका, टाळ, डोक्यावरची तुळस सांभाळत दिंडीमागून दिंडी पळते. त्यात पिकल्या केसांच्या आजीही असतात. तुकोबांना इथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते थेट पंढरीपर्यंत धावत गेले, अशी यामागची कथा.

पण पंढरपूर तिथून तीस किलोमीटरहून लांब आहे. मग ही ताकद येते कुठून?

ती येत नाही, ती अंगात असतेच. २००६ साली रॉस टकर, मायकेल लॅम्बर्ट आणि टिम नोक्स या व्यायामशास्त्राच्या अभ्यासकांनी धावण्याच्या जागतिक विक्रमांचा अभ्यास केला. पाच आणि दहा हजार मीटरच्या शर्यतींत बहुतेक विक्रमवीर मधल्या टप्प्यात संथ झाले होते आणि शेवटच्या किलोमीटरला त्यांनी पुन्हा वेग घेतला होता. स्नायू खरोखर रिते झाले असते, तर सर्वांत दमलेल्या क्षणी हे कसं जमलं असतं? नोक्स यांच्या मते मेंदू ताकद राखून ठेवतो आणि शेवट जवळ आला की मोकळी सोडतो. याच क्षेत्रातले सॅम्युएले मार्कोरा यांना मेंदूतला हा छुपा पहारेकरी मान्य नाही. कष्ट किती जाणवतात आणि ध्यास किती आहे, यावरच माणूस कधी थांबणार ते ठरतं, असं ते मानतात. मला त्यांचं म्हणणं अधिक पटतं, कारण जाणीव बदलता येते.

किती बदलते, ते बघा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना व्यायाम करताना स्वतःला धीर देणारी वाक्यं बोलायला शिकवलं. दोन आठवड्यांनी ती माणसं पूर्ण थकेपर्यंत सायकल चालवण्यात १८ टक्के जास्त वेळ टिकली. पाय तेच, सायकल तीच! त्याहून नवल वाटतं ते चुळीचं. २००४ सालच्या प्रयोगात सायकलपटूंनी कर्बोदकांच्या पाण्याने नुसती चूळ भरून ती थुंकून टाकली, तरी तासाभराची चाचणी त्यांनी जवळपास तीन टक्के लवकर संपवली. पोटात काहीच गेलं नव्हतं. तोंडाने मेंदूला फक्त वर्दी दिली होती.

दिंडीत तर असं बरंच काही एकदम घडतं. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एकट्याने वल्हवण्यापेक्षा एका लयीत सगळ्यांनी मिळून वल्हवल्यावर वेदना सोसण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर शेकडो पावलं एकत्र पडतात, तेव्हा याहून वेगळं काय होत असेल? जोडीला ओठांवर नाम असतंच.

व्यायामाची शेवटची पाच मिनिटं जड जातात तेव्हा हेच करून बघावं. पुढचं झाड किंवा खांब हाच आपला कळस मानून नजर त्यावर रोवावी, ते गाठलं की पुढचं धरावं. स्वतःशी बोलावं, आणि शक्य असेल तर कुणाच्या तरी पावलाला पाऊल जुळवावं. छातीत दुखलं किंवा भोवळ आली, तर मात्र तिथल्या तिथे थांबावं. तो इशारा मनाच्या बळाने दाबायचा नसतो.