कोण काय खातं?

श्रावणात गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं कडेनं कुरतडलेली दिसू लागली की अनेक घरांत फवारणीची बाटली बाहेर निघते. ती बाजूला ठेवून पान नीट न्याहाळलं, तर त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखा दिसणारा एक इवला सुरवंट सापडण्याची शक्यता असते. हे ‘कॉमन मॉर्मन’ या काळ्या फुलपाखराचं पिल्लू. कढीपत्ता, लिंबू, बेल ही झाडं एकाच कुळातली आणि या सुरवंटाचा सगळा संसार त्याच कुळातल्या पानांवर चालतो.

मुलांनी वाचावं, सगळ्या भाज्या खाव्यात, रानात हिंडावं, असं आईबाबांना मनापासून वाटतं. पण या तीन गोष्टी वेळापत्रकात तीन ठिकाणी बसवल्या की मुलांना त्या जादा शिकवण्याच वाटतात. त्याऐवजी घरानं आठवडाभर एकच प्रश्न धरला, ‘कोण काय खातं?’, तर पुस्तक, स्वयंपाकघर आणि जंगल एकमेकांत आपोआप मिसळतात.

सुरुवात वाचनानं करता येते. लहानांना मोठ्यांनी वाचून दाखवावं. वाचू लागलेल्यांसाठी माधुरी पुरंदरे आणि नंदिता वागळे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग आहेत. त्यांत मराठी साहित्यातले उतारे आणि भारतीय चित्रं शेजारीशेजारी भेटतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आठवी-नववीच्या मुलांना मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ द्यावं. वन खात्यात हयात घालवलेल्या या लेखकानं आदिवासींकडून मिळालेलं जंगलाचं ज्ञान मराठीत आणलं. आयझॅक किहिमकरांचं ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’ इंग्रजीत असलं, तरी त्यातले फोटो पाहायला भाषा आड येत नाही.

पुस्तकात शोधलेलं कुंडीत पडताळून पाहण्यात खरी मजा आहे. फुलपाखराची मादी पानावर पाय आपटून त्याची चव घेते आणि योग्य झाड सापडलं तरच अंडं घालते. सुरवंट मोठा झाला की हिरवा होतो. त्याला डिवचलं, तर डोक्यामागून लाल, दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. आणखी एक गंमत म्हणजे कॉमन मॉर्मनच्या काही माद्या ‘कॉमन रोझ’ या फुलपाखराची हुबेहूब नक्कल करतात. कॉमन रोझचे सुरवंट विषारी वेल खाऊन वाढतात. ते विष फुलपाखराच्या अंगातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. लहानपणी काय खाल्लं, यावर पुढे आपल्याला कोण खाणार हे ठरतं!

आठवड्याच्या मध्यावर हाच प्रश्न ताटात येतो. एक दिवस सुरवंटासारखं फक्त वनस्पतींवर, म्हणजे वीगन, जेवून पाहावं. वीगन स्वयंपाकात मांस-अंड्यांबरोबर दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य. नाव नवं असलं, तरी पिठलं-भाकरी, भरली वांगी, कारळ्याची चटणी, नारळाच्या दुधाची सोलकढी हे सगळं मुळातच त्यात बसतं. नागपंचमीच्या हळदीच्या पानातल्या पातोळ्याही बसतात, फक्त वरचं तूप टाळायचं. पावसाळ्यात मंडईत आदिवासी बायका टाकळा विकायला आणतात. मुलांना तो निवडायला बसवावं. भिजवलेली मूगडाळ, लसूण, मिरची आणि वर ओलं खोबरं घातलं की भाजी तयार. हाच टाकळा ‘ग्रास यलो’ या पिवळ्या फुलपाखरांचे सुरवंटही खातात, हे निवडता निवडता सांगावं. रानभाजी मात्र जाणकारांकडूनच घ्यावी, मुलांनी स्वतः तोडून चाखू नये.

रविवारी बाहेर पडावं. मुंबई-ठाणेकरांना सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळ आहे. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडीतली फुलपाखरांची बाग आहे आणि गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. फार पहाटे उठायची गरज नाही, कारण पंख उन्हात तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत. २०१५मध्ये महाराष्ट्रानं देशात सर्वप्रथम राज्य फुलपाखरू जाहीर केलं, तो निळ्या-काळ्या पंखांचा ‘नीलवंत’ इथे दिसू शकतो. त्याचे सुरवंटही लिंबाच्याच कुळावर वाढतात.

ओल्या चिखलावर फुलपाखरांचा घोळका बसलेला दिसला, तर तिथे थांबावं. बहुतेक नरच असतात ते. मधुरसात मीठ फार कमी असतं, म्हणून ते चिखलातले क्षार शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला देतात. वीगन घरांनाही अशी एक उणीव भरून काढावी लागते. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. मुलं कायम वीगन जेवणार असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते वेगळं द्यावंच लागतं. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, प्रथिनांसाठी डाळी, दाणे आणि सोयाबीन रोजच्या जेवणात हवेत. पालेभाजीवर लिंबू पिळलं, की तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

फिरताना मुलांच्या हाती एक वही असावी. तारीख, जागा, फुलपाखरू आणि ते कोणत्या झाडावर बसलं होतं, एवढं लिहिलं तरी पुरे. दर सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा होतो. त्यात सामान्य माणसांनी टिपलेल्या नोंदी अभ्यासकांपर्यंत पोचतात. कुंडीतल्या कढीपत्त्यावर दिसलेल्या सुरवंटाचा फोटोही त्यात चालतो.