अलगुजाचे पहिले धडे

वसतिशाळेत संगीताचा तास सुरू करताना मुलांच्या हाती पहिले वाद्य कोणते द्यावे, याचा आम्ही बराच विचार केला. हार्मोनियम एका वेळी एकालाच मिळते. आडव्या बासरीतून पहिला स्वर निघायलाच कित्येकांना अनेक दिवस लागतात. म्हणून आम्ही टिन व्हिसल निवडली. मराठीत जिला अलगूज म्हणतात, त्याच जातीचे हे वाद्य. तोंडाशी बसवलेल्या खुट्टीमुळे फुंकीचा झोत आपोआप धारेवर पडतो आणि पहिल्याच दिवशी स्वर निघतो. इंग्लंडमधील सफक परगण्याच्या रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ च्या सुमारास पत्रा गुंडाळून अशी वाद्ये करण्यास आरंभ केला. पुढे आयर्लंडच्या लोकसंगीताने त्यांना आपलेसे केले. मूळच्या स्वस्त किमतीमुळे ती गरिबाघरीही पोहोचली.

वाद्याला सहा छिद्रे असतात. वरची तीन डाव्या हाताची, खालची तीन उजव्या हाताची. दोन्ही अंगठे मागून आधार देतात. छिद्र बोटाच्या टोकाने नव्हे, तर पेराच्या मऊ भागाने झाकावे. मुखाग्र ओठांत हलके धरावे, दातांत चावू नये. स्वराचा आरंभ जिभेने, मनातल्या मनात ‘तू’ म्हटल्याप्रमाणे करावा.

नवशिक्याने सहाही छिद्रे एकदम झाकण्याची घाई करू नये. प्रथम सर्वांत वरचे एकच छिद्र झाकून स्वर स्थिर करावा, मग दुसरे, मग तिसरे. मध्येच किंचाळल्यासारखा आवाज आला, तर कारणे बहुधा दोनच असतात: एखादे बोट किंचित सरकले आहे, किंवा फुंक गरजेपेक्षा जोरात गेली आहे. आधी बोटे तपासावीत, नंतर श्वास.

प्रचलित व्हिसल पांढरी दोनच्या पट्टीची असते. सहाही छिद्रे झाकून निघणारा स्वर षड्ज मानला, तर खालून एकेक बोट उचलत गेल्यास शुद्ध स्वरांचे सप्तक क्रमाने मिळते. तीच बोटे ठेवून फुंक थोडी वाढवली की वरचे सप्तक लागते. पुढे ज्यांना बासरी शिकायची असेल, त्यांनी वरची तीन छिद्रे झाकून येणाऱ्या स्वराला षड्ज मानण्याची सवय करावी. आपल्या बासरीचा षड्जही तेथेच असतो, त्यामुळे बोटांची ओळख वाया जात नाही.

खरी साधना श्वासाची आहे. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेचे उदाहरण दिले होते. अतिकष्टाने चंक्रमण करून पाय रक्तबंबाळ झालेल्या सोणाला त्यांनी विचारले, की तारा अति ताणल्या किंवा अति सैल सोडल्या, तर वीणा सुरात वाजते काय? अलगुजाबाबत हेच श्वासाला लागू पडते. फुंक फार हलकी असेल तर स्वर थरथरतो व उतरतो. फार जोराची असेल तर तो वरच्या सप्तकात उडी घेतो. रोज पंधरा मिनिटे, संथ लयीत, एकेक स्वर लांबवून धरणे हे आठवड्यातून एकदा दोन तास वाजवण्यापेक्षा अधिक हितकर आहे. वसतिगृहात प्रत्येकाचे वाद्य स्वतंत्र असावे, मुखाग्र वेळोवेळी धुवावे, आणि अभ्यासाच्या व निद्रेच्या वेळी वादन करू नये, एवढे नियम पुरेसे आहेत.

काही पालकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्त आहे. गावगाड्यात वाद्य वाजवणे हे आपल्या पूर्वजांवर गावकीचे काम म्हणून लादले गेले होते. मिरवणूक दुसऱ्यांची, मान दुसऱ्यांचा आणि वाजवणारे मात्र आपण, ही रीत आंबेडकरी चळवळीने नाकारली. मग शाळेने पुन्हा मुलांच्या हाती वाद्य का द्यावे? आमचे उत्तर असे, की चळवळीने सक्ती नाकारली, संगीत नव्हे. आंबेडकरी जलशांनी गाण्यातूनच बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. स्वतः बाबासाहेब उत्तरायुष्यात आवडीने व्हायोलिन शिकत होते. जन्माने ठरलेले वाद्य आणि स्वेच्छेने निवडलेले वाद्य यांत बंधन व मुक्ती यांचे अंतर आहे. म्हणूनच आमच्याकडे हा तास ऐच्छिक आहे. ज्याला नको त्याला चित्रकला आहे, मैदान आहे.

घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला सायंकाळी स्वतःशी बोलण्यासाठी काही साधन हवे असते. सहा छिद्रांची ही नळी ते काम करते. सुट्टीत मूल घरी येईल, तेव्हा पहिले काही दिवस बेसूर स्वर ऐकावे लागतील. पालकांनी ते संयमाने ऐकावेत आणि ‘हे वाजवून दाखव’ अशी सक्ती मात्र करू नये. मुलाला जेव्हा वाटेल, तेव्हा ते आपण होऊन वाजवील.