मनोरंजनोपचार: सरकारी रुग्णालयातील एका दुर्लक्षित पदाची पात्रता आणि कामे

खेळ, गाणे, चित्रकला, बागकाम, नाट्य, वाचन अशा उद्योगांतून रुग्णाची मंदावलेली क्षमता पुन्हा जागी करण्याच्या पद्धतशीर उपचाराला मनोरंजनोपचार म्हणतात. वॉर्डात टीव्ही लावून ठेवणे किंवा सणाच्या दिवशी गाण्यांचा कार्यक्रम करणे या व्याख्येत बसत नाही. उपचार म्हटला की तपासणी, उद्दिष्ट, ठरलेला कालावधी आणि नोंद हे चारही भाग आलेच. अमेरिकेत हा स्वतंत्र पेशा असून सरकारी रुग्णालयांत त्याची वरिष्ठ पदेही असतात. तेथील राष्ट्रीय प्रमाणन परिषद १९८१ साली स्थापन झाली. पदवी, देखरेखीखाली किमान १४ आठवड्यांत ५६० तासांची उमेदवारी आणि परीक्षा, हा तिच्या प्रमाणपत्राचा रूढ मार्ग आहे.

भारतात हे काम मुख्यतः व्यवसायोपचाराच्या छत्राखाली वाढले आणि त्याची मुळे मुंबईत आहेत. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्ष. त्या वेळी बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातील निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्याला सर्वात जवळचे मोठे सरकारी मनोरुग्णालय धारवाडला आहे. १८४५ साली वेड्यांचे इस्पितळ म्हणून सुरू झालेली ही संस्था आज डिमहान्स या नावाने ओळखली जाते. बेळगावात जिल्हा रुग्णालयाला जोडलेले बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

रुग्णाच्या विरंगुळ्याला कायद्याचा आधार आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या विसाव्या कलमानुसार मानसिक आरोग्य संस्थेतील प्रत्येक रुग्णाला विरंगुळा, करमणूक, शिक्षण आणि धर्माचरण यांच्या वाजवी सोयी मिळण्याचा हक्क आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे: रुग्णाला सक्तीने कामाला लावता येणार नाही आणि त्याने काम केले तर योग्य मोबदला द्यावा लागेल. निपाणी परिसरात या तरतुदीला विशेष अर्थ आहे. येथे हजारो बायकांचे आयुष्य विड्या वळण्यात गेले आहे. अशा बाईच्या बोटांना सवय आहे म्हणून तिच्यापुढे तेंडूच्या पानांसारखेच कागद वळायला ठेवले, तर तिच्या दृष्टीने ती मजुरीच ठरेल. तिला काय करायला आवडत होते, किंवा करायचे राहून गेले, हे आधी विचारावे लागते.

हक्क कायद्याने दिला, पण त्याची जबाबदारी ठामपणे ज्याच्यावर असावी असे पद सरकारी रुग्णालयांत सहसा आढळत नाही. हे काम व्यवसायोपचारतज्ज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका यांच्यात वाटले जाते. ज्याला जेवढा वेळ मिळेल तेवढे तो करतो. वॉर्डात गर्दी वाढली की सर्वात आधी कात्री लागते ती याच कामाला. ही मोठी उणीव आहे, कारण महिनोन्‌महिने दाखल असलेल्या रुग्णाचे औषध दिवसाकाठी काही मिनिटांत देऊन होते आणि उरलेला सारा दिवस रिकामा राहतो.

२०२१च्या राष्ट्रीय सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मात्र एक दार उघडले आहे. त्याच्या अनुसूचीत व्यवसायोपचाराचा स्वतंत्र वर्ग आहेच. शिवाय कला, नृत्य व हालचाल यांद्वारे उपचार करणाऱ्यांसोबत मनोरंजनोपचारतज्ज्ञाचाही उल्लेख आहे. या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण लागते. व्यवसायोपचाराची पदवी प्रदीर्घ काळ साडेचार वर्षांची होती. त्यातले शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे. मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याकडून समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीबरोबर त्या विषयातील एम.फिल.ची अपेक्षा असते. वरिष्ठ पदासाठी पदवीइतकाच वॉर्डातला अनुभव मोलाचा. शरीररचना, मनोविकारांची लक्षणे, औषधांचे परिणाम, गट हाताळण्याचे कौशल्य आणि प्रथमोपचार यांत तो माणूस मुरलेला असावा लागतो.

कामाची सुरुवात तपासणीने होते. रुग्ण पूर्वी कशात रमत होता, आता हात कितपत चालतात, लक्ष किती वेळ टिकते, चारचौघांत तो बसतो का, हे पाहिले जाते. त्यासाठी कॅरमचा एक डाव पुरतो. स्ट्रायकर धरताना बोटे थरथरतात की ताठरतात, यावरून औषधाच्या दुष्परिणामाचा अंदाज येतो. आपली पाळी येईपर्यंत थांबणे जमते का, समोरच्याकडे नजर जाते का, हरल्यावर चिडचीड होते का, सोंगटी खाली पडली तर आपणहून वाकून उचलली जाते का, हे सगळे टिपले जाते. मग उद्दिष्ट ठरते. ‘रुग्ण आनंदी राहावा’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘दोन आठवड्यांत रुग्ण गटात सलग वीस मिनिटे बसेल आणि एकदा तरी आपणहून बोलेल’ हे मोजता येते.

साधन त्या त्या माणसाप्रमाणे बदलते. पक्षाघातानंतर चिमूट धरण्याची ताकद परत यावी म्हणून रांगोळी उपयोगी पडते; ताल आणि दोन्ही हातांचा मेळ साधायला भजनातले टाळ. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला नातवाचे नाव आठवत नसले तरी लहानपणी तोंडपाठ झालेल्या ओव्या कधी कधी ओठांवर येतात, आणि तेवढ्या धाग्यावर संवाद सुरू करता येतो.

सावधगिरीचा भाग तितकाच महत्त्वाचा. मनोविकारावरील काही औषधांनी घाम कमी येतो, काहींनी त्वचा उन्हाला हळवी होते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी मैदानावर खो-खो घेणे धोक्याचे ठरू शकते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी होऊ देता येत नाही. काही औषधांनी एकदम उठल्यावर भोवळ येते, म्हणून फुगडीऐवजी बसून खेळायचा खेळ निवडावा लागतो. अपस्माराच्या रुग्णाला पोहणे, उंचावर चढणे आणि उघडी आग यांपासून जपावे लागते. शिवणकाम किंवा कागदकाम संपले की सुया आणि कात्र्या मोजून कुलपात जातात.

वरिष्ठाची जबाबदारी याहून मोठी असते. आठवड्याचे वेळापत्रक आखणे, कनिष्ठांच्या नोंदी तपासणे, शिकाऊ विद्यार्थ्यांना घडवणे, साहित्याची मागणी आणि हिशेब, सुरक्षिततेची पाहणी ही कामे त्याच्याकडे येतात. डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांच्या बैठकीत तो आपले निरीक्षण मांडतो. गोळीचा डोस वाढवल्यावर रुग्ण दिवसभर पेंगतो, ही गोष्ट फेरीच्या पाच मिनिटांपेक्षा खेळाच्या तासात लवकर कळते.

सीमाभागात या सगळ्यावर भाषेचा पदर आहे. कर्नाटक सरकारच्या सेवेत कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि कचेरीच्या व्यवहारासाठी ते रास्तच आहे. पण निपाणी किंवा खानापूरकडचा रुग्ण मराठीत हसतो, मराठीत रागावतो. शस्त्रक्रिया दुभाष्याच्या मदतीने होऊ शकते. कोडे, उखाणा किंवा भजन दुभाष्यामार्फत सांगता येत नाही. त्यामुळे येथे या पदावर मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारी व्यक्ती असणे ही पात्रतेतलीच बाब मानायला हवी. एकाच गटात दोन्ही भाषांचे रुग्ण असतात, तेव्हा लेझीम, कॅरम, चित्रे, बागकाम अशी कमी बोलावे लागणारी साधने आधी घेतली जातात.

शेवटचा टप्पा घरी पाठवण्याचा. रुग्ण घरी जाऊन पुन्हा खाटेवर पडून राहिला तर रुग्णालयात कमावलेले निसटते. म्हणून त्याच्या गावात काय उपलब्ध आहे, याची यादी हाताशी लागते: भजनी मंडळ, तालीम, महिला मंडळ, वाचनालय. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय तर १८४८ सालापासूनचे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची नमुना-आखणी १९८०च्या दशकात कर्नाटकातल्याच बळ्ळारी जिल्ह्यात झाली आणि १९९६ पासून तो देशभर टप्प्याटप्प्याने पसरला. राज्यात बऱ्या होत आलेल्या रुग्णांसाठी मानसधारा ही दिवसा चालणारी पुनर्वसन केंद्रेही आहेत. रुग्णाला जवळच्या केंद्राशी जोडून देणे, घरच्यांना पहिल्या महिन्याचा दिनक्रम लिहून देणे आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी त्यातले किती पाळले गेले ते विचारून केसपेपरावर नोंदवणे, ही या पदाची शेवटची कामे.